देवळालीचा ताप

गावाच्या नावावरून एखादा शब्द रूढ व्हावा, ही त्या गावाला मिरवण्यासारखी गोष्ट असते. पैठणवरून पैठणी आली, कोल्हापूरवरून कोल्हापुरी वहाण आली. आमच्या नाशिकजवळच्या देवळालीनेही एक शब्द दिला आहे, आणि तो थेट इंग्रजीला दिला आहे. पण तो मिरवावा असा नाही. इंग्रज माणूस एखाद्याला 'डूलाली' म्हणतो, तेव्हा त्याला म्हणायचं असतं की याचं डोकं फिरलंय, हा कामातून गेलाय. हे 'डूलाली' म्हणजे आपली देवळाली. साहेबाच्या जिभेवर चढून तिचं असं झालं.

देवळाली कॅम्प तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. नाशिकरोडहून लॅम रोडने निघालं की दोन्ही बाजूंना जुनी झाडं, बैठे बंगले, पारशी आणि गुजराती मंडळींनी बांधलेली सॅनिटोरियमं दिसतात. मुंबईची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथे हवापालटाला येत आली. दुखणाइताने देवळालीला जावं, महिनाभर कोरडी हवा खावी आणि ताजंतवानं होऊन परतावं, असा या गावाचा लौकिक. मग ज्या गावात माणसं बरी व्हायला येत, त्याच गावाचं नाव वेडाला कसं चिकटलं?

त्यासाठी एकोणिसाव्या शतकात जावं लागेल. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेची संख्या वाढवण्यात आली. हे शिपाई विलायतेहून बोटीने मुंबईला उतरत आणि मुदत संपली की मुंबईहूनच परतत. मुंबईच्या दमट हवेत इतकी माणसं ठेवणं धोक्याचं होतं. १८६५ साली थळ घाटातला लोहमार्ग सुरू झाला आणि घाटमाथ्यावरची देवळाली मुंबईला जोडली गेली. येणाऱ्या-जाणाऱ्या पलटणींचा तळ म्हणून ही जागा सोयीची ठरली. आलेली तुकडी इथे थोडी विसावायची आणि पुढे जायची. परतणारी तुकडी इथे थांबून बोटीची वाट पाहायची.

या वाट पाहण्यातच खरी गोम होती. शिपायांच्या बोटी बारमाही नसत. पावसाळा सरल्यावर त्यांचा हंगाम सुरू होई आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपे. ज्याची मुदत शेवटची बोट सुटल्यावर भरली, त्याला पुढच्या हंगामापर्यंत थांबणं आलं. म्हणजे चार-सहा महिने. नोकरी संपलेली, पण घर अजून समुद्रापार. अंगावर गणवेश, पण हाताला काम नाही.

फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका साध्या शिपायाने १९३६ साली 'ओल्ड सोल्जर साहिब' हे आपल्या हिंदुस्थानातल्या नोकरीच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो इकडे होता. देवळालीबद्दल तो मोजकंच लिहितो, पण नेमकं लिहितो. मुदत भरलेल्या शिपायांकडे हत्यारं नसत. अधूनमधून सामानाची तपासणी, कधी एखादं लांब कूच. बाकी वेळ खायला उठायचा. वर्षानुवर्षं चांगलं वागलेली माणसं इथे येऊन गुन्हे करून बसत आणि घरी जाण्याऐवजी तुरुंगात जात. काही जण गुप्तरोग घेऊन इस्पितळात पडत. चमत्कारिक वागणाऱ्या माणसाला 'डूलाली टॅप' झालाय म्हणण्याची रीत या कंटाळ्यातूनच पडली असावी, असं त्याला वाटतं. १९२५ साली निघालेल्या सैनिकी शब्दांच्या एका इंग्रजी कोशातही हा शब्दप्रयोग वेड या अर्थाने नोंदलेला आहे.

आता या 'टॅप'कडे पाहा. हा नळाचा टॅप नाही. हा आपला ताप आहे. देवळालीचा ताप म्हणजे डूलाली टॅप. मलेरियाने फणफणलेल्या शिपायांच्या छावणीत हा शब्द साहेबाच्या कानावर रोजच पडत असणार. त्याने तो उचलला, पण त्याचा अर्धाच अर्थ त्याच्या हाती लागला. आपल्याकडे ताप म्हणजे केवळ थर्मामीटरवर चढणारा पारा नव्हे. आपण 'डोक्याला ताप' म्हणतो. संताप, मनस्ताप, पश्चात्ताप हे सगळे त्याच घरचे शब्द. अंगाचं पोळणं आणि मनाचं पोळणं यांसाठी मराठीने वेगळी खाती उघडलीच नाहीत.

देवळालीपासून थोड्याच मैलांवर टाकळी आहे. समर्थ रामदासांनी तिथे बारा वर्षं तपश्चर्या केली. त्यांच्या दासबोधात तिसऱ्या दशकात त्रिविध तापांवर तीन समास आहेत. त्यातला पहिला आध्यात्मिक ताप. नाव ऐकून वाटतं, आता काही गूढ ऐकायला मिळणार. पण समर्थ काय सांगतात? खरूज, नारू, देवी, गोवर अशी शरीराच्या दुखण्यांची लांबलचक यादी! देह, इंद्रियं आणि प्राण यांच्या योगाने माणूस आतून जे सोसतो, ते सगळं त्यांनी एकाच मथळ्याखाली घातलं. इथे शरीर संपलं आणि इथून मन सुरू झालं, अशी रेघ त्यांनी ओढली नाही.

साहेबाच्या छावणीत मात्र ती रेघ होती. ताप आला तर इस्पितळ, दारू पिऊन धिंगाणा केला तर कोठडी, आणि मन ढासळलं तर थट्टा. खरं तर हे तिन्ही एकाच माणसाच्या ठायी असायचं. वर्षानुवर्षं मलेरिया आणि आमांशाने पोखरलेलं शरीर, बूट घासून आणि कूच करून दुखावलेले पाय, जुन्या जखमा. त्यावर जवळचा आणि स्वस्त इलाज एकच, पलटणीचं कॅन्टीन. तिथे बिअर आणि रम मिळायची. गोऱ्या फौजेतल्या दारूचा प्रश्न इतका वाढला होता, की सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्सने १८८८ साली 'आर्मी टेम्परन्स असोसिएशन' स्थापन केली. दारूच्या गुत्त्याऐवजी चहा-कॉफी, वाचायला वर्तमानपत्रं, खेळायला जागा द्यावी, अशी तिची कल्पना. माणूस पितो ते नुसत्या चटकेने नव्हे, त्याला संध्याकाळ घालवायची असते, एवढं तरी रॉबर्ट्सला उमगलं होतं.

दारूखेरीज दुसरी बाटलीही होती, आणि ती औषधांच्या कपाटात असायची. हिंदुस्थानात लष्करी डॉक्टर असलेल्या जॉन कॉलिस ब्राउन याने १८४८ च्या सुमारास 'क्लोरोडाइन' नावाचं मिश्रण तयार केलं. पटकी, हगवण, कळा, निद्रानाश, सगळ्यांवर एकच औषध. गुण यायचाच, कारण त्यात अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म होतं. कृती गुप्त होती. पुढे हे औषध विलायतेत घरोघरी गेलं आणि त्याच्या व्यसनाने माणसं दगावल्याच्या नोंदीही झाल्या. १८९८ साली जर्मनीच्या बायर कंपनीने 'हेरॉइन' बाजारात आणलं, तेही खोकल्याचं औषध म्हणूनच. वेदनेवरचं औषध आणि व्यसन हे एकाच आईचे दोन लेक आहेत.

याबाबतीत साहेबाला हसण्याचं आपल्याला कारण नाही. मुंबईच्या गिरणगावात पाळीला जाणारी आई तान्ह्या लेकराला अफूची 'बाळागोळी' चारून झोपवायची. मूल रडलं तर शेजारी कोण पाहणार आणि पाळी चुकली तर पगार कोण देणार? १९३१ साली कामगारांविषयीच्या शाही आयोगाने या प्रथेची दखल घेतली आणि ती बंद व्हावी असं सांगितलं. त्या आईला दुष्ट म्हणणं सोपं आहे. पण ती गोळी पाळणाघर नसल्याची खूण होती. देवळालीतली रमची बाटली जशी बोट नसल्याची खूण, तशीच.

पहिल्या महायुद्धाने सगळ्यांचे डोळे थोडे उघडले. १९१५ साली चार्ल्स मायर्स या डॉक्टरने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' हा शब्द वापरला. ज्याला कालपर्यंत भेकड म्हणत, त्याला रुग्ण म्हणायला सुरुवात झाली. आपल्याकडे १९१७ साली जखमी हिंदी सैनिकांसाठी क्वीन मेरी संस्था निघाली, ती पुढे पुण्याजवळ खडकीला स्थिरावली. हात-पाय गमावलेल्या जवानांना तिथे हातातलं काम शिकवलं जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर देवळालीत पुन्हा घरी जाणाऱ्या गोऱ्या शिपायांची गर्दी झाली. त्यांच्यातल्या जिमी पेरीने पुढे सहकाऱ्यासह बीबीसीसाठी याच छावणीवर विनोदी मालिका लिहिली. १९७४ ते १९८१ अशी ती चालली. त्यामुळे डूलाली हा शब्द नव्या पिढीलाही हसता हसता पाठ झाला.

श्रोतेहो, इथे मला घरातली एक गोष्ट सांगू द्या. माझे एक मामा तोफखान्यात होते. देवळाली म्हणजे तोफखान्याचं शिक्षणाचं ठिकाण, तिथेही त्यांची काही वर्षं गेली. एका अपघातात त्यांच्या पाठीला मार बसला आणि ते लवकर निवृत्त होऊन गावी आले. पाठ कायमची दुखरी राहिली. दिवसा ते कसंबसं निभावून न्यायचे. रात्री मात्र कूस बदलता येत नसे. मग रम सुरू झाली. आधी एक पेला, मग दोन, मग मोजणं थांबलं. गावाने त्यांना एक नाव दिलं, ते मी इथे सांगत नाही. आम्ही भाचरंही त्यांच्या चालण्याची नक्कल करून हसायचो. ती चाल दारूची नव्हती, पाठीची होती. हे कळायला मला वीस वर्षं लागली.

मामी त्यांना एका दवाखान्यात घेऊन गेली. तिथे सांगितलं, आधी दारू सोडा, मग पाठीचं बघू. दारू सोडवणाऱ्यांकडे गेले, तर ते म्हणाले, आधी पाठीचं काहीतरी करा, नाहीतर हे पुन्हा पिणार. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं आणि दोन दारांच्या मध्ये मामा उभेच राहिले. एकदा मी त्यांना रागाने विचारलं, "मामा, का पिता एवढं?" ते म्हणाले, "अरे, मी प्यायला बसत नाही रे, झोपायला बसतो." तेव्हा मला ती पळवाट वाटली. आज ते रोगाचं अचूक निदान वाटतं.

मामांसारख्यांचं दुखणं वैद्यकशास्त्राला समजायला वेळ लागला. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी दाखवलं, की वेदना म्हणजे तारेतून थेट मेंदूत जाणारा संदेश नव्हे. मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. भीती, एकटेपणा, निराशा असली की ते सताड उघडतं. धीर आणि मन रमवणारं काम असलं की थोडं लोटलं जातं. १९७९ साली वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वेदनेची व्याख्या केली, तेव्हा तिच्यात शरीराच्या संवेदनेइतकंच भावनेलाही स्थान दिलं. लंडनच्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं. शरीर, मन, घरसंसार आणि श्रद्धा या सगळ्यांची मिळून एक 'समग्र वेदना' असते, असं त्या सांगत. आपल्या त्रिविध तापाच्या फार जवळ जाणारा हा विचार आहे.

आपल्याकडे १९८५ आणि १९८६ ही दोन वर्षं या इतिहासात महत्त्वाची. ब्राउन शुगर म्हणजे गर्द तेव्हा शहरांत शिरली होती. १९८५ साली अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा झाला. गर्दविक्यांना वचक बसवणं आवश्यकच होतं. पण त्याच जाळ्यात कर्करोगाच्या रुग्णाचं मॉर्फिनही अडकलं. इतके परवाने, इतक्या नोंदी आणि चुकलं तर इतकी मोठी शिक्षा, की औषधांच्या दुकानांनी आणि इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. १९९७ साली एवढ्या मोठ्या देशात औषध म्हणून मॉर्फिनचा वापर जेमतेम १८ किलोवर आला. आणि हा तोच देश, जो मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकवतो आणि जगाच्या औषधांसाठी निर्यात करतो. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मॉर्फिनसारख्या आवश्यक औषधांचे परवाने सोपे झाले. मधल्या २९ वर्षांत किती माणसं कण्हत गेली, त्याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

पण १९८६ साली आणखीही काही घडलं. जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवर पायरीपायरीने औषधं कशी द्यावीत याची पुस्तिका काढली. मुंबईत वांद्र्याला डॉ. एल. जे. डिसूझा यांनी 'शांती अवेदना सदन' सुरू केलं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस. आणि त्याच वर्षी पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी पैशांचं बळ दिलं. डॉ. अनिता येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करत होत्या. व्यसनी माणूस गुन्हेगार नाही, तो आजारी आहे, आणि त्याच्याबरोबर त्याचं घरही आजारी आहे, हा त्यांचा विचार. म्हणून तिथे बायकांसाठी 'सहचरी' गट झाले. बरे झालेलेच दुसऱ्यांना हात देऊ लागले. पुढे डॉ. अनितांना कर्करोग झाला. त्या दुखण्यातही त्या काम करत राहिल्या. १९९७ साली त्या गेल्या. वेदना आणि व्यसन या दोन्ही गोष्टींकडे इतक्या जवळून पाहिलेली दुसरी व्यक्ती सापडणं कठीण.

वेदनाशामकं सैल सोडल्याचे परिणाम अमेरिकेने भोगले. तिथे १९९६ नंतर ऑक्सिकॉन्टिनसारख्या गोळ्या साध्या पाठदुखीलाही सढळ हाताने दिल्या गेल्या आणि लाखो माणसं अफूजन्य औषधांच्या विळख्यात सापडून मेली. आपल्याकडेही ट्रॅमाडोल या वेदनाशामकाचा गैरवापर वाढल्यावर २०१८ साली ते कडक कायद्याखाली आलं. म्हणजे औषध दडवून ठेवलं तरी माणूस मरतो आणि उधळलं तरी मरतो. कायद्याने फार तर औषधाला कुंपण घालता येतं. माणसाशेजारी बसणं कायद्याला जमत नाही.

आज काय करता येईल? तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेली वेदना हा स्वतंत्र आजार असू शकतो, हे आता आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणातही आलं आहे. तेव्हा 'सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेलं नाही' हे उत्तर पुरेसं मानू नका. दारूने दुखणं घटकाभर बधिर होतं, पण झोप मोडते, उतरताना वेदना अधिक टोचते आणि तेवढ्याच आरामासाठी माप वाढत जातं. वेदनेच्या किंवा झोपेच्या गोळ्या आणि दारू एकत्र घेणं जिवावर बेतू शकतं. रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात दारू बंद करणंही धोक्याचं, कारण त्यातून फिट्स येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावं. डॉक्टरांना किती पितो हे खरं सांगावं आणि डॉक्टरांनीही ते रागावून विचारू नये. बेताचा व्यायाम, ठरलेली झोप, मन मोकळं करायला माणूस, आणि पाठ, दारू व मन या तिन्हींवर एकाच वेळी उपचार, हा आजचा मार्ग आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक त्रासालाही आजाराचा दर्जा दिला आहे. २०२२ पासून सुरू झालेल्या 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर आपल्या भाषेत बोलता येतं. व्यसनासाठी १४४४६ हा क्रमांक आहे.

मामांच्या वेळी यातलं काही नव्हतं. ते गेले तेव्हा त्यांच्या उशीखाली गरम पाण्याची रबरी पिशवी सापडली. मामीने ती आजही ठेवली आहे. बाटल्या तिने केव्हाच रद्दीवाल्याला दिल्या.

गेल्या हिवाळ्यात मी देवळालीला गेलो होतो. लॅम रोडला एका कट्ट्यावर काठी टेकून एक वृद्ध गृहस्थ बसले होते, कदाचित जुने लष्करी असावेत. पाय जरा लटपटत होते. समोरून चाललेली दोन पोरं त्यांच्याकडे पाहून हसली आणि पुढे गेली. मला माझंच लहानपण दिसलं. मी त्यांच्याशेजारी बसलो आणि जो प्रश्न मामांना कधी विचारला नाही, तो त्यांना विचारला, "आजोबा, कुठे दुखतंय?"

त्यांनी माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं. मग काठी बाजूला ठेवली आणि बोलू लागले. चांगला तासभर बोलत होते.